घाट उतरताना पेडल खाली गेलं – ८ हजारांत जुन्या गाडीचे ब्रेक किती सुधारतील?

अमोल_कराड

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची वॅगनआर एलएक्सआय, ९४ हजार किमी झालीय, पुढे डिस्क ब्रेक मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. २०१८ मध्ये सेकंडहँड घेतली.

गेल्या रविवारी कराडहून चिपळूणला निघालो होतो. आई-बाबा, बायको, मुलगी आणि डिकी भरून सामान. कोयनानगर सोडलं, कुंभार्ली घाट सुरू झाला, पुढे एक टँकर होता त्याच्या मागे मागे तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. निम्मा घाट उतरल्यावर आधी करपल्यासारखा वास आला, मला वाटलं टँकरचाच असेल. मग एका वळणाला पेडल दाबलं तर ते रोजच्यापेक्षा कितीतरी खाली गेलं आणि एकदम मऊ, ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं. दोन-तीनदा भराभर दाबल्यावर पकडलं, हँडब्रेकही ओढला, गाडी कडेला घेतली. बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त डॅशबोर्डवर टेकवलेला हात त्यांनी घाटाखालचं पोफळी गाव येईपर्यंत काढला नाही.

अर्धा तास थांबल्यावर पेडल परत पहिल्यासारखं झालं! म्हणून तर जास्त भीती वाटतेय, कारण आता रोज गावात चालवताना काहीच जाणवत नाही.

एका गॅरेजवाल्याने बघून सांगितलं की ब्रेक ओके आहेत, घाटात असं होतंच. दुसरा म्हणाला मागे पण डिस्क लावून घ्या, २८ हजार होतील. माझ्याकडे आत्ता ८ हजार आहेत. कशात घालू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी प्लीज सांगा.

रोहन_निगडी

दादा सुखरूप आहात हे महत्त्वाचं. मागच्या डिस्कचं बजेट नसेल तर पुढच्या दोन डिस्क भोकंवाल्या मिळतात त्या बघा, हवा खेळते आणि लवकर गार होतात. आणि अलॉय व्हील टाकले की ब्रेकला वारं जास्त लागतं. माझ्या स्विफ्टला मी १६ इंची टाकलेत, लुक पण भारी येतो.

स्मिता_अलोरे

अमोल, मी तुमच्या घाटाच्या पायथ्याशीच राहते, अलोऱ्याला. आठवड्यातून एकदा तरी जुनी अल्टो घेऊन कराडला जाऊन येते, गेली अकरा वर्षं. गाडीचं काय करायचं ते बाकीचे सांगतीलच, मी चालवण्याचं सांगते कारण त्याला एक रुपया लागत नाही आणि तुम्ही जे लिहिलंय त्यात मला तेच आधी खटकलं.

तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरणं हेच चुकलं. घाट जिथे सुरू होतो तिथेच, वेग वाढायच्या आधी, दुसरा गिअर टाकायचा. इंजिन ओरडेल, तीन-साडेतीन हजार आरपीएमला जाईल, जाऊ दे, त्याला काही होत नाही, पेट्रोल पण जवळपास बंद होतं त्यावेळी. मग ब्रेक लागतो तो फक्त वळणाआधी. आणि तो लावायचा तेव्हा नीट जोर देऊन लावायचा, वेग उतरवायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. हलका हलका पाय सतत ठेवला की डिस्कला घासणाऱ्या पॅडला गार व्हायला वेळच मिळत नाही. समोर टँकर रांगत असेल तर त्याच्या मागे चिकटून ब्रेक-ब्रेक करत राहायचं नाही, जागा बघून दोन मिनिटं थांबायचं, त्याला पुढे जाऊ द्यायचं.

न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे तर मी रोज बघते. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं.

अजून एक, ड्रायव्हरच्या पायापाशी पाण्याची बाटली ठेवू नका. माझ्या नणदेच्या गाडीत ती घरंगळत पेडलखाली गेली होती. आणि वरून टाकलेली जाड मॅट असेल तर ती काढाच.

ब्रेकटेस्ट_चाकण

स्मिताताईंना पूर्ण अनुमोदन. मी चाकणला ब्रेकच्या पार्ट्सचं टेस्टिंग करतो, १४ वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

अमोल, तुम्ही लक्षण इतकं छान लिहिलंय की निदान त्यातच आहे. घाटात ब्रेक दोन प्रकारे जातात. एकात पॅड तापून त्यांची पकड कमी होते, तेव्हा पेडल कडकच राहतं, तुम्ही जीव तोडून दाबता पण गाडी थांबत नाही. दुसऱ्यात ब्रेक ऑइल उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल मऊ होऊन खाली जातं, तुमचा पाय नुसते बुडबुडे दाबत असतो. अर्ध्या तासाने वाफेचं परत पाणी झालं आणि पेडल जागेवर आलं. पॅडही तापले होतेच, वास त्यांचाच, पण पेडल खाली नेलं ते ऑइलने.

आता ऑइल का उकळलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, रबरी होजमधून, टाकीच्या झाकणातून, वर्षानुवर्षं थोडं थोडं. डॉट ३ (डॉट म्हणजे ऑइलचा दर्जा सांगणारा नंबर) ऑइल कोरं असताना निदान २०५ अंशाला उकळायला हवं असं स्टँडर्ड आहे, पण पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे जुनं डॉट ४ हे नव्या डॉट ३ पेक्षा कितीतरी वाईट. बाटलीवरच्या नंबरापेक्षा ते कधी बदललं याला जास्त किंमत आहे.

उष्णता किती तयार होते त्याचा अंदाज येण्यासाठी एक हिशोब. गाडी, पाच माणसं आणि सामान मिळून १२५० किलो धरू. ५०० मीटर उंची उतरलात तर साधारण ६१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला पाहिजे. ८० च्या वेगातली हीच गाडी एकदा पूर्ण थांबवायला ३ लाखांच्या आसपास लागते. म्हणजे घाट नुसता ब्रेकवर उतरणं म्हणजे ८० वरून वीस वेळा गाडी थांबवणं, मध्ये फारशी उसंत न देता. दुसऱ्या शब्दात, तेवढ्या उष्णतेत अठरा-वीस लिटर साधं पाणी उकळीला येईल. काही भाग हवा आणि टायर खातात, पण दुसरा गिअर टाकला की खूप मोठा वाटा इंजिन उचलतं, म्हणून ताई म्हणतात ते सगळ्यात आधी.

एक प्रश्न: २०१८ पासून ब्रेक ऑइल कधी बदललंत?

अमोल_कराड

नाही बदललं. फक्त लेव्हल कमी झाली की वरून टाकायचो. ते बदलायचं असतं हेच माहीत नव्हतं. सर्व्हिसिंगला कधी कुणी बोललं नाही.

स्मिताताई, तुमचं वाचून त्या दिवशीचं सगळं डोळ्यांसमोर आलं. मला वाटायचं खालचा गिअर टाकला तर इंजिनवर लोड येतो.

बापू_इस्लामपूर

अमोलराव, लेव्हल कमी झाली की वरून टाकायचं ही सवय सोडा. ऑइल कमी दोनच कारणांनी होतं. एक तर पॅड झिजले, त्यांना ढकलणारे पिस्टन बाहेर आले, म्हणून टाकीतलं खाली गेलं. नाहीतर कुठंतरी गळतंय. दोन्हीत चाक खोलून बघायला पाहिजे. वरून ओतलं की खूणच पुसली जाते बघा.

मी तीस वर्षं हेच काम करतोय, आता पोरगा बघतो गॅरेज. तुम्हाला जो म्हणाला ब्रेक ओके हायत त्यानं चाकं खोलली होती का? न खोलता ब्रेक ओके सांगता येत नाही कुणालाच.

आता काय बघायचं ते सांगतो. पुढचं चाक काढलं की कॅलिपर दिसतो, डिस्कला दोन्हीकडनं पॅड दाबणारा चिमटाच तो. त्याच्या दोन पिना असतात, त्यावर कॅलिपर सरकला पाहिजे, हातानं ढकलला तरी लोण्यासारखा. सात-आठ वर्षं कुणी हात लावला नसेल तर एक तरी पिन जाम असते. मग काय होतं, आतलाच पॅड दाबला जातो, बाहेरचा नुसता बसून राहतो. आतला संपतो, बाहेरचा नवाकोरा. लोक बाहेरून बघतात आणि म्हणतात पॅड चांगला हाय! आतला बघा. आणि जाम पिनेमुळं पॅड पूर्ण सुटत नाही, डिस्कला घासत राहतो, ब्रेक न दाबता पण तापतो. तुमचा वास तिथलाच असणार असं मला वाटतंय.

पिना काढायच्या, पॉलिश पेपरनं गंज काढायचा, रबरी टोप्या फाटल्या असतील तर बदलायच्या आणि ग्रीस लावायचं ते सिलिकॉनचं ब्रेकसाठीचं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावू देऊ नका कुणाला, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत जाम.

मग मागं. ड्रम काढायचा. ड्रमला आतनं घासणारे लायनर असतात, त्यांची पावडर तोंडानं फुंकायची नाही, एअर मारायची नाही, ओलं करून पुसायची, छातीला वाईट असते ती. आत आपोआप अॅडजस्ट होणारी पट्टी असते, ती गंजून बसते, मग लायनर झिजत जातात आणि ड्रमपासून लांब राहतात. पेडलचा पहिला अर्धा प्रवास त्यांना ड्रमपर्यंत न्यायलाच जातो. हँडब्रेक किती टिचक्यांना लागतो तुमचा?

अमोल_कराड

बापू, आत्ता खाली जाऊन मोजलं. १२.

बापू_इस्लामपूर

मग ड्रम खोलाच. केबल ताणून भागवू देऊ नका, ते नंतर. आधी आतलं.

दीपक_म्हापसा

आमच्याकडे खाऱ्या हवेत हे सगळं दुप्पट वेगाने होतं. पावसाळ्यात गाडी चार दिवस उभी राहिली की डिस्कवर तांबूस गंज दिसतो, तो पहिल्या दोन-चार ब्रेकला जातो, त्याची काळजी नको. पण ड्रमच्या आत लायनर बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर नक्की बघा. त्याची रबरी टोपी बोटाने हळूच उचलायची, आत ओल असेल तर सिलिंडर गेला. माझ्या गाडीत चोर्ला घाटात उतरताना गाडी एका बाजूला ओढायला लागली होती, तेव्हा मागच्या डाव्या चाकात हेच निघालं, लायनर ऑइलने भिजला होता. भिजलेला लायनर धुवून चालत नाही, बदलायचाच, आणि दोन्ही बाजूंचे एकदम.

रोहन_निगडी

हे सगळं मेंटेनन्स झालं ना पण? म्हणजे गाडी कंपनीतून आली तशीच होणार. अमोलदादा ब्रेक सुधारायचे म्हणतायत. भोकंवाल्या डिस्कचा खरंच काही उपयोग नाही का? मी विकत घेणार होतो म्हणून मनापासून विचारतोय.

ब्रेकटेस्ट_चाकण

रोहन, प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

गाडी किती अंतरात थांबते हे शेवटी टायर ठरवतो. तुमचे ब्रेक जर चाक लॉक करू शकत असतील, म्हणजे जोरात दाबल्यावर चाक घासत जातं किंवा एबीएस थरथरतं, तर ब्रेकमध्ये ताकद पुरेशी आहेच. त्याच्यावर आणखी मोठा ब्रेक लावून थांबण्याचं अंतर कमी होत नाही, कारण रस्ता धरून ठेवणारी गोष्ट टायरच आहे. मोठ्या डिस्कचा फायदा वारंवार ब्रेक लावताना गारवा टिकवायला होतो, ट्रॅकवर. भोकं पाडल्याने डिस्कचं वजन कमी होतं, म्हणजे उष्णता साठवणारं लोखंडच कमी झालं, आणि स्वस्तातल्या डिस्कला भोकांपासून चिरा जातात. हे मी टेस्ट रिगवर डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मोठे अलॉय बहुतेक वेळा जड असतात आणि त्यांचं वजन बाहेरच्या कडेला असतं. फिरणारं जड चाक थांबवायला त्याच ब्रेकला जास्त काम.

मागे डिस्क लावणं तर मी कुणालाच सांगणार नाही. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. कंपनीने पुढचा-मागचा जोर मोजूनमापून ठेवलेला असतो. मागे जोर वाढवलात तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील, आणि एबीएस नसलेली गाडी तिथेच गर्रकन फिरेल. शिवाय अशी मोडतोड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येते, अपघात झाला तर इन्शुरन्सला कारण मिळतं.

आता थांबण्याच्या अंतराचा हिशोब. १०० च्या वेगात चांगला टायर, कोरडा रस्ता असेल तर साधारण ५० मीटर लागतात. टायर जुना कडक झाला, रस्ता ओला असला, पकडीचा (घर्षणाचा) आकडा ०.८ वरून ०.५ वर आला, की तेच ७९ मीटर. हे ब्रेक लागल्यापासूनचं. त्याआधी तुम्हाला कळून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर २८ मीटर आणखी. २८ हजारांच्या डिस्कने यातला एक मीटरही कमी होत नाही.

अमोल, टायरच्या बाजूवर DOT या इंग्रजी अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बघून सांगा.

अमोल_कराड

चारही टायरवर ३११५. म्हणजे २०१५ चा ३१ वा आठवडा?! नक्षी तर अजून चांगली आहे, चार मिलिमीटर तरी असेल, म्हणून मी कधी विचारच केला नाही. नख दाबून बघितलं, प्लॅस्टिकसारखं लागतं.

ब्रेकटेस्ट_चाकण

हो, तोच आठवडा. कमी चालणाऱ्या गाडीत नेहमी असंच होतं, नक्षी शिल्लक असते आणि रबर मेलेलं असतं. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, पण कायदा रबराचं वय बघत नाही. नखाची परीक्षा काही शास्त्र नाही, आकडा बघा, तो पुरेसा आहे.

रोहन_निगडी

ओके, कळलं. डिस्क घेत नाही. १६ इंची चाकं टाकल्यापासून ब्रेकला जास्त दाबायला लागतं असं मला वाटायचं, मित्र म्हणायचे भास आहे. जुनी चाकं घरी आहेत, या रविवारी परत लावतो.

श्रीपाद_श्टुटगार्ट

इथे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते, तिथे चाकं रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेकचा जोर वेगळा मोजतात, डावी-उजवीत फार फरक असला की गाडी नापास. माझी गाडी एकदा मागच्या डाव्या बाजूसाठी नापास झाली होती आणि मला चालवताना तोपर्यंत काहीही जाणवलं नव्हतं. सांगायचं हे की पायाला नॉर्मल वाटतं यावर विसंबू नका.

घरच्या घरी करता येणाऱ्या दोन गोष्टी. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबा, कडक होईल. तसंच दाबून धरून गाडी स्टार्ट करा, पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघायची. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल तर पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलंय.

अमोल_कराड

श्रीपाद, दोन्ही केलं. स्टार्ट केल्यावर पेडल खाली गेलं, आणि दाबून धरल्यावर बसलं नाही. म्हणजे बूस्टर, मास्टर सिलिंडर ठीक.

आता बापू सांगा, ऑइल बदलून घेताना मी समोर उभं राहून काय बघू?

बापू_इस्लामपूर

आधी झाकणावर बघा कोणतं लिहिलंय, डॉट ३ असेल तरी डॉट ४ चालतं. नुसतं डॉट ५ लिहिलेली बाटली मात्र घेऊ नका, ते सिलिकॉनचं वेगळं असतं, ह्यात मिसळत नाही. बाटली सीलबंद आणि तुमच्यासमोर फोडलेली. अर्धी उरलेली, महिनाभर शेल्फवर पडलेली बाटली नको, तिनंही हवेतलं पाणी ओढलेलं असतं.

टाकीतलं काळं ऑइल सिरिंजनं काढून टाकायचं, नवं भरायचं. मग चाकापाशी ऑइल सोडायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत थोड्या ऑइलमध्ये बुडवून. एक माणूस आत पेडलवर, एक बाहेर. दाब म्हटलं की दाबायचं, निपल सोडायचं, काळं ऑइल येतं, निपल बंद, मग आतल्यानं पाय उचलायचा. बंद व्हायच्या आधी पाय उचलला की हवा आत. बहुतेक गाड्यांत टाकीपासून लांबचं चाक आधी, तुमच्या मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असेल तसा. मध्ये मध्ये टाकी भरत राहायची, तळ दिसला की सगळं पहिल्यापासून.

एक गोष्ट पोरं विसरतात. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत आपटायचं नाही. मास्टर सिलिंडरचं रबर एवढी वर्षं जिथवर फिरलं तिथवरच गुळगुळीत असतं, पुढं गंज-कचरा असतो, त्यात घासून चांगलं रबर फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मारायचं, नाहीतर रंग उचलून नेतं.

अमोल_कराड

मंडळी, अपडेट देतो. बापूंनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं, ओळखीच्या एकाचं छोटं गॅरेज आहे तिथे शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा होतो.

पुढचं डावं चाक खोललं. खालची पिन हातोडीने ठोकून बाहेर काढावी लागली, गंजलेल्या खिळ्यासारखी. आतला पॅड २ मिमी, बाहेरचा ७. बापू, तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतंत! त्या बाजूच्या डिस्कवर निळसर डाग पडलेले, तापल्याचे. डिस्कची जाडी मोजली, तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर होती, आणि पेडल थरथरत नव्हतं, म्हणून लेथवर द्यायची गरज पडली नाही.

मागे उजवीकडे व्हील सिलिंडरची टोपी उचलली तर थेंब खाली आला. लायनर त्या कडेला काळा, ओलसर. लेव्हल का कमी व्हायची ते तिथे कळलं. मी सहा वर्षं त्यावर वरून ऑइल ओतत होतो आणि माझी मुलगी मागच्या सीटवर बसत होती. ते बघून मला खाली बसावंसं वाटलं.

निपलमधून निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं होतं, शेवटी शेवटी नव्यासारखं पिवळसर आलं.

खर्च: ब्रेक ऑइल एक लिटर ५२०, पुढचे पॅड १,३५०, मागचे शू (लायनर बसवलेले) ८५०, दोन व्हील सिलिंडर ९६०, सिलिकॉन ग्रीस आणि क्लीनर ४५०, मजुरी १,६००. एकूण ५,७३०.

आता प्रश्न टायरचा. उरलेत २,२७०. दोन टायर घेऊन पुढे टाकू का? ब्रेक पुढेच जास्त लागतो ना?

दीपक_म्हापसा

पुढेच टाका, स्टिअरिंग पण पुढेच असतं.

ब्रेकटेस्ट_चाकण

दीपक, इथे मी नम्रपणे असहमत. दोनच घेणार असाल तर नवे मागे. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्हाला हातात कळतं, पाय उचलला की परत पकडते. मागचे आधी घसरले तर गाडी फिरते आणि ती सावरणं सामान्य चालकाच्या हातात राहत नाही. टायर कंपन्याही नवी जोडी मागे घालायला सांगतात. पण अमोल, तुमचे चारही एकाच वयाचे आहेत. मागे नवे टाकून पुढे ते प्लॅस्टिक ठेवलं तर थांबण्याचं अंतर फारसं कमी होणार नाही. माझं मत, महिनाभर थांबा, वेग कमी ठेवा, पैसे साठवा, चारही एकदम घ्या. साधे, कंपनीच्याच साइजचे, आणि घेताना त्यावरचा आठवड्याचा आकडा बघून घ्या, दुकानात वर्षभर पडलेला नको.

नवे पॅड-शू बसवलेत तर पहिले काही दिवस जोरात ब्रेक टाळा. मग मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना ६० वरून १० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये अर्धा-एक किलोमीटर चालवून गार होऊ द्यायचं. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून थांबून राहायचं नाही.

स्मिता_अलोरे

अमोल, लायनरचं वाचून काळजात धस्स झालं. पण सापडलं ना आता. आमच्या आळीत तुमचं लिहिलेलं वाचून तिघांनी गाड्यांचं ऑइल बदलायला दिलंय.

अमोल_कराड

शेवटचा अपडेट, थोडा उशिराच.

चाकणच्या सरांचं वाचून मी स्वतः मोजायचं ठरवलं. गावाबाहेर एक नवा प्लॉटिंगचा रस्ता आहे, सरळ, रिकामा. ब्रेकचं काम करायच्या आधी तिथे मेहुण्याला फोनवर जीपीएसचा वेग बघायला बसवून ६० वरून थांबून बघितलं होतं, चुन्याच्या रेघेपासून टेपने मोजलं, तीनदा. २७, २६ आणि २९ मीटर. तेव्हा गाडी उजवीकडे ओढत होती. काम झाल्यावर आणि पॅड बसल्यावर त्याच रेघेपासून २३, आणि गाडी सरळ.

मग टायर. मी महिनाभर थांबणार होतो, पण बाबांनी परवा संध्याकाळी पाकीट आणून टेबलावर ठेवलं, म्हणाले चारही घे. त्या घाटातल्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले. चार टायर १२,८००. काल परत मोजलं, १९ मीटर. २७ चे १९. आठ मीटर म्हणजे आमची गाडी दोनदा उभी राहून वर जागा उरते.

आज सकाळी कुंभार्ली उतरून आलो, तीच माणसं, तेवढंच सामान. वरूनच दुसरा गिअर. पोफळीला थांबून चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला, डावं-उजवं सारखंच गरम, वास नाही, पेडल सकाळी निघताना होतं तिथेच. बाबा निम्म्या घाटातच झोपले होते.

बापू, हँडब्रेक आता ६ टिचक्यांना लागतो, बरोबर आहे ना? आणि परत कधी खोलून बघू?

बापू_इस्लामपूर

६ म्हणजे छान. चाकांचे नट पाचशे किलोमीटरनंतर एकदा पान्यानं बघून घ्या, टायर बदलल्यावर ढिले होतात कधी कधी. पिना वर्षातनं एकदा, पावसाळा संपल्यावर. ऑइल दोन वर्षांनी, तारीख बॉनेटच्या आत पेननं लिहून ठेवा. आणि टाकीची लेव्हल आजच खूण करा. खाली गेली तर ओतू नका, गाडी घेऊन या.